साडेपाचची गाडी

मुलांनो, कधी तरी संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमाराला एखाद्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहा. शाळा नुकत्याच सुटलेल्या असतात. जिकडेतिकडे गणवेश, दप्तरे, सुटलेल्या रिबिनी. कुणी फलाटाच्या कठड्यावर वही ठेवून गृहपाठ उरकत असते, कुणी शेंगदाण्यांची एक पुडी चौघींत वाटून खात असते. गप्पा, खोड्या, भांडणे सगळे चालू असते. पण प्रत्येकीचा एक कान कंट्रोलरच्या खिडकीवरच्या त्या घोगऱ्या कर्ण्याकडे असतो. कर्णा खरखरला की सगळ्या गप्प! 'अमुक गावाला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' असे ऐकू आले की झुंबड उडते. आणि 'गाडी आज रद्द करण्यात आली आहे' असे ऐकू आले, तर मात्र कुणीच काही बोलत नाही. कारण पुढची गाडी साडेआठला असते, किंवा नसतेच.

माझ्या एका आत्तेबहिणीची गोष्ट सांगतो. गणितात हुशार. तोंडी हिशेबात आम्हां सगळ्या भावंडांना हरवायची. तिच्या गावातली शाळा सातवीपर्यंत, आठवीसाठी तालुक्याला जायचे, अंतर अकरा किलोमीटर. तिचा पास होता. सकाळची गाडी नियमित यायची. संध्याकाळची साडेपाचची मात्र त्या पावसाळ्यात सारखी रद्द व्हायला लागली. एके दिवशी ती रात्री नऊ वाजता दुधाच्या टेम्पोतून घरी आली, भिजून चिंब. आत्या दारातच उभी होती. ती रागावली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "बास झाली शाळा." आणि खरोखरच बास झाली. तिचा पास अजून एकोणीस दिवस चालणार होता.

पास फुकट असला, सवलतीचा असला, तरी गाडी आली नाही तर त्याचा काय उपयोग, हे मला तेव्हा कळले. पण त्या पासामागे कोण पैसे भरते, गाडी का रद्द होते, आणि ती चालू राहावी म्हणून काय करता येते, हे कळायला फार वर्षे गेली. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

तीन रुपयांतला एक रुपया

आधी पासाचा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या हवी तर! समजा, तुमच्या गावापासून शाळेपर्यंतचे तिकीट वीस रुपये आहे. जाऊन-येऊन झाले चाळीस. महिन्यात पंचवीस दिवस शाळा धरली तर होतात हजार रुपये. विद्यार्थ्यांच्या पासावर ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे दर तीन रुपयांमागे तुम्ही एकच रुपया भरायचा. हजाराचे झाले तीनशे तेहतीस. (प्रत्यक्षात पासाची रक्कम टप्प्यांवर ठरते, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज आला ना?) ग्रामीण भागातल्या मुलींना तर हे तीनशे तेहतीसही भरावे लागत नाहीत. अहिल्याबाई होळकर योजनेखाली त्यांचा शाळेचा प्रवास मोफत आहे. ही योजना नव्वदच्या दशकात सुरू झाली ती पाचवी ते दहावीच्या मुलींसाठी. पुढे ती बारावीपर्यंत वाढली.

मग उरलेले पैसे कुठे गेले? डिझेल तर कुणी फुकट देत नाही, ड्रायव्हर-कंडक्टरला पगार हवाच. तर ही सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटी महामंडळाला देते. सरकारी भाषेत त्याला 'प्रतिपूर्ती' म्हणतात. बोलायला अवघड शब्द आहे खरा, पण अर्थ साधा: तुमच्या वतीने दुसऱ्याने भरलेले पैसे. आणि सरकारकडे ते येतात कुठून? आईने आणलेल्या साबणाच्या वडीवर, बाबांनी गाडीत टाकलेल्या पेट्रोलवर जो कर असतो, त्यातून. ही प्रतिपूर्ती वेळेवर मिळाली नाही की एसटीची ओढाताण होते आणि तिची झळ शेवटी स्टँडवरच्या त्या मुलींपर्यंत पोचते.

जाता जाता एक गंमत. आपली पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरला. त्याच नगर जिल्ह्यातल्या चोंडी गावी अहिल्याबाईंचा जन्म झाला होता, आणि २०२४ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. म्हणजे पहिली एसटी जिथे गेली, तिथल्याच लेकीच्या नावाने आज खेड्यापाड्यांतल्या मुली एसटीत बसतात!

पास काढणे हीसुद्धा एके काळी एक परीक्षाच असायची. शाळेतून दाखला आणा, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्या, मग स्टँडवरच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहा. जूनमध्ये या रांगा एवढ्या लांबायच्या की पहिल्या आठवड्यातली अर्धी शाळा तिथेच बुडायची. २०२४ च्या जूनपासून एसटीने पास थेट शाळेत देण्याचे ठरवले. शाळेने यादी द्यायची आणि एसटीच्या लोकांनी पास तिथेच आणून द्यायचे. तुमच्या शाळेत अजून असे होत नसेल, तर बाईंना किंवा सरांना जरूर विचारा.

भारमान नावाचे भूत

आता मुख्य प्रश्न. गाडी रद्द का होते? गाडी बिघडते, ड्रायव्हर रजेवर असतो, पुलावर पाणी येते, ही कारणे तर आहेतच. पण गाडी कायमची बंद होते तेव्हा बहुतेक वेळा एक शब्द ऐकू येतो, 'भारमान'. गाडीत चव्वेचाळीस आसने आहेत आणि बावीस उतारू बसले, तर भारमान पन्नास टक्के. ज्या फेरीचे भारमान फार कमी, ती फेरी तोट्यात. आणि तोट्यातल्या फेरीवर आगाराची नजर आधी जाते.

शाळेच्या गाडीचे काय होते बघा. संध्याकाळी तालुक्याहून निघते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. वीस वीस जण उभे असतात. पण गावाला पोचल्यावर गाडीला परत यायचेच असते, आणि त्या वेळी गावाहून तालुक्याला कोण जाणार? एखादे आजोबा, एखादी कोंबड्यांची पाटी. सकाळी याच्या उलट. म्हणजे ज्या गाडीत तुम्ही घामाघूम होऊन उभे होतात, तीच गाडी कागदावर अर्धी रिकामी दिसते! यात कुणी लबाडी करत नाही. जाण्याचा आणि येण्याचा हिशेब एकत्र मांडला की तसेच उत्तर येते.

यावर जुन्या लोकांनी एक छान युक्ती काढली होती, मुक्कामी गाडी. संध्याकाळची शेवटची गाडी गावातच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर गावात जेवतात, देवळात नाहीतर शाळेच्या खोलीत झोपतात आणि पहाटे तीच गाडी मुलांना, दूधवाल्यांना, बाजारकरूंना घेऊन निघते. दोन्ही रिकाम्या फेऱ्या वाचतात. माझ्या लहानपणी मुक्कामी गाडीचा कंडक्टर म्हणजे गावातला अर्धा पाहुणाच असे. कुणाकडे भाकरी, कुणाकडे कालवण. पण त्यांना झोपायला नीट जागा नाही, पाणी नाही, संडास नाही असे झाले की ते तक्रार करतात, आणि त्यात त्यांचे चुकते असे मला तरी वाटत नाही. दिवसभर गाडी हाकलेला माणूस डासांत झोपणार कसा? मुक्काम टिकवायचा असेल तर गावालाही काही करावे लागते.

कायदा काय सांगतो?

२००९ साली आपल्या देशात मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातल्या एखाद्या लहानशा वाडीजवळ शाळा नसेलच, तर मुलांच्या मोफत वाहतुकीची किंवा राहण्याची व्यवस्था करायची. हे फार चांगले झाले. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आठवीपर्यंत. आणि खेड्यातल्या मुलामुलींना लांब जावे लागते ते कधी? आठवी-नववीपासूनच! पाय लांब होतात तसा रस्ताही लांब होतो, आणि नेमका तिथेच कायद्याचा हात सुटतो. पुढे २०२१ मध्ये केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत प्रवासाची मदत माध्यमिक वर्गांपर्यंत वाढवली गेली, एका मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत. शाळेचे दहा महिने धरा, पंचवीस दिवसांचा महिना धरा, आणि रोजचे किती होतात ते तुम्हीच काढा. (उत्तर चोवीस रुपये!)

शाळा लांब जाण्याचे आणखी एक कारण असते. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचे ठरवले, तेव्हा पुष्कळ पालकांनी आणि शिक्षकांनी विरोध केला. सरकारचे म्हणणे, पाच मुलांच्या वर्गात खेळायलाही गडी नसतो. पालकांचे म्हणणे, सहा वर्षांचे पोर ओढा ओलांडून जाणार कसे? मला दोन्हींत तथ्य दिसते. पण क्रम महत्त्वाचा. आधी गाडी दारात उभी राहू दे, मग शाळेला कुलूप लावा, असे ज्या आईने म्हटले असेल ती चूक नव्हती.

ही अडचण काही आपल्याच वाट्याला आलेली नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लहान लहान शाळा एकत्र व्हायला लागल्या, तेव्हा मुलांना आणण्या-नेण्यासाठी करातला पैसा खर्च करायला परवानगी देणारा कायदा झाला. तो कधी, माहीत आहे? १८६९ साली! मोटारी नव्हत्याच. शेतकरी आपली घोडागाडी जोडून मुलांना शाळेत सोडायचे आणि गाव त्यांना पैसे द्यायचे. तिथल्या शाळांच्या त्या पिवळ्याधमक गाड्या तुम्ही सिनेमात पाहिल्या असतील. तो पिवळा रंग १९३९ मध्ये फ्रँक सायर या प्राध्यापकांनी भरवलेल्या एका बैठकीत ठरला. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडातही तो पटकन दिसतो म्हणून. इंग्लंडमध्ये तर मोजमाप अगदी ठरलेले आहे: आठ वर्षांखालच्या मुलाची शाळा दोन मैलांहून लांब असेल, किंवा त्याहून मोठ्या मुलाची तीन मैलांहून लांब असेल, तर स्थानिक कौन्सिलने मोफत वाहतूक द्यायची. (एक मैल म्हणजे साधारण १.६ किलोमीटर.) त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग पुढेच आहे. अंतर कमी असले, पण रस्ता मुलांनी चालण्याजोगा सुरक्षित नसला, तरीही गाडी द्यावी लागते. आपल्याकडे किलोमीटर मोजतात. मधला ओढा कुणी मोजत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मुलांना 'बालरथ' हा शब्द चांगला परिचयाचा आहे. तिथे अनुदानित शाळांच्या बसगाड्यांसाठी सरकार पैसे देते, डिझेलला आणि ड्रायव्हर-मदतनिसाच्या पगारालाही.

निळी गाडी आणि सायकल

गाडीच पाहिजे असे काही नाही, बरं का! बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला. त्यांना दिसले की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले. सर्वांत जास्त फरक कुठे पडला? जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे. शिवाय, एकटी मुलगी सायकलवरून निघाली तर लोक बघत बसतात. वर्गातल्या दहाजणी मिळून घंट्या वाजवत निघाल्या, तर बघणारेच रस्ता सोडतात!

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमात या दोन्ही गोष्टी आहेत. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमध्ये २०११-१२ पासून मुलींसाठी खास निळ्या गाड्या सुरू झाल्या, आधी तालुक्याला पाच, मग सात. ज्यांची शाळा पाच किलोमीटरच्या आत आहे त्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. या निळ्या गाड्यांची खरी किंमत रंगात नाही, वेळापत्रकात आहे. त्या शाळेच्या घंटेवर चालाव्यात म्हणूनच दिलेल्या आहेत. म्हणून कुठे ही निळी गाडी शाळेच्या वेळात भलत्याच मार्गावर धावताना दिसली, की मुलींचे पालक चिडतात, आणि चिडावेच.

पण जिथे रस्ताच नाही तिथे? साताऱ्याच्या जावळी तालुक्यात खिरखंडी नावाचे एक लहानसे गाव आहे, कोयनेच्या जलाशयाकाठी. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडे जायच्या आणि मग जंगलातून चालत शाळा गाठायच्या. वर्तमानपत्रात ही बातमी आली आणि २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. कुणी अर्ज केला नव्हता, वकील लावला नव्हता. न्यायमूर्तींनी बातमी वाचली आणि सरकारला विचारले, या मुलींना सुरक्षित वाट कधी देणार? मुलींना शिकवा असे सांगायचे, तर आधी त्यांच्या येण्याजाण्याची वाट नीट हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आणि रस्ता आहे, पास आहे, पण गाडीच नाही, हेही आपण पाहिले आहे. कोरोनामुळे दीड वर्ष बंद असलेल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. त्यांच्या मागण्या पोटाच्या होत्या, पगाराच्या होत्या. पण संप लांबला तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत. गावांतली वडापवाली जीप पास बघत नाही, रोकडा मागते. एका घरात दोन मुले असली, तर जीपने कुणाला पाठवायचे? कित्येक घरांत या प्रश्नाचे उत्तर 'मुलाला' असेच निघाले. दहावीचे वर्ष असलेल्या मुली घरी बसून होत्या. मी अशा एका घरी गेलो होतो. मुलगी दारात बसून लसूण सोलत होती, वही शेजारी उघडी होती. तिने मला विचारले, "काका, गाडी सोमवारी सुरू होणार म्हणतात, खरं का?" मला खरे उत्तर माहीत नव्हते.

अर्ज कुणाला, कसा?

आता उपयोगाचे बोलू. पालकांनीही हा भाग वाचावा. गाडी बंद झाली किंवा तिची वेळ जुळत नसली, तर कंडक्टरशी भांडून फायदा नाही. त्याच्या हातात काही नसते. अर्ज द्यायचा आगार व्यवस्थापकांकडे. अर्जात 'फार गैरसोय होते' एवढेच लिहू नका. आकडे द्या. कोणत्या गावातली किती मुले, किती मुली, कोणत्या शाळेत, किती जणांकडे पास आहेत, शाळेची पहिली घंटा केव्हा, शेवटची केव्हा. शनिवारची वेळ वेगळी लिहायला विसरू नका! शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते आणि मुले दुपारभर स्टँडवर ताटकळतात, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. मुख्याध्यापकांचे पत्र आणि ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि तिच्यावर 'पोचले'चा शिक्का घ्या. ही मोजदाद मुलांनीच करायची, हे उत्तम. आठवड्याभरात कोणत्या दिवशी गाडी किती वाजता आली, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले तरी पुरे. 'गाडी नेहमी उशिरा येते' याला उत्तर देणे सोपे असते. 'बारा दिवसांत सात वेळा आलीच नाही' याला उत्तर देणे अवघड जाते.

माझ्या त्या आत्तेबहिणीची मुलगी आता नववीत आहे. तेच गाव, तीच अकरा किलोमीटरची वाट. तिची शाळा साडेपाचला सुटायची आणि गाडीही स्टँडवरून साडेपाचलाच सुटायची, आणि शाळा ते स्टँड पळत गेले तरी आठ मिनिटे! मुलींनी याद्या केल्या, सरांनी अर्ज दिला. आगारातून उत्तर आले की हीच गाडी पुढे दुसऱ्या मार्गावर जाते, तेव्हा वेळ बदलता येणार नाही. सगळे हिरमुसले. मग मुख्याध्यापकांनीच शाळेचे वेळापत्रक काढले, मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटे कापली आणि शेवटची घंटा सव्वापाचवर आणली. गावातच राहणारी मुले त्यावरून अजून कुरकुरतात, आमची सुट्टी गेली म्हणून. मी भाचीला विचारले, "आणि तुझा डबा? तो एवढ्या वेळात संपतो का?"

"नाही संपत मामा," ती म्हणाली, "उरलेला गाडीत खाते. खिडकीशी जागा मिळते आता."